ब्रेक-लाइटचा स्विच : एका जुन्या जीपच्या निमित्ताने

मोटारीविषयी लिहायचे म्हटले की लेखक बहुधा इंजिनापासून सुरुवात करतो. इंजिन आवाज करते, धूर सोडते, त्याचे सिलिंडर मोजता येतात. त्यामुळे त्याचे वर्णन करण्यात एक प्रकारचा रुबाब असतो. मी या लेखात ज्या वस्तूविषयी लिहिणार आहे तिला असला कोणताही रुबाब नाही. ती अंगठ्याएवढी असते, गाडीच्या पोटाखाली चिखलात लटकत असते, आणि ती बिघडली तरी गाडी चालायची थांबत नाही. ब्रेकवर पाय पडला की मागचे तांबडे दिवे लावणारा स्विच, एवढेच तिचे काम. पण तो स्विच कसा चालतो, का बिघडतो आणि कसा बदलावा हे नीट समजून घेऊ लागले की पदार्थविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातली दोन-तीन प्रकरणे आपोआप उघडावी लागतात, आणि शेवटी मोटार कायद्याच्या दारापर्यंतही जावे लागते. म्हणून हा खटाटोप.

निमित्त झाले ते आदिलाबादच्या एका शेतकरी कुटुंबाच्या जीपचे. १९६७ सालची महिंद्राची सीजे-३बी. उंच बॉनेटची, पुढे सपाट जाळी असलेली. आपल्याकडे जुन्या हिंदी चित्रपटांतल्या फौजदाराच्या हाताखाली जी जीप दिसते तीच. आदिलाबाद हे तेलंगणाचे उत्तर टोक. पैनगंगा ओलांडली की पलीकडे यवतमाळ जिल्ह्यातले पांढरकवडा. किनवट तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होता. प्रांतरचनेत तो नांदेडकडे आला. त्यामुळे या भागात मराठी ही पाहुण्यांची भाषा नाही. तेलुगू, मराठी, गोंडी आणि दखनी उर्दू या चारही भाषा एकाच बाजारात ऐकू येतात, आणि गॅरेजमध्ये तर पाचवीच भाषा चालते. ‘मास्टर सिलिंडर’, ‘वायसर’, ‘निपल’, ‘कटआउट’ हे शब्द बेळगावच्या मिस्त्रीला कानडीत, निपाणीच्या मिस्त्रीला मराठीत आणि आदिलाबादच्या मिस्त्रीला तेलुगूत समान अर्थाने कळतात. आमच्या या द्वैभाषिक अंकाच्या दोन्ही विभागांतील वाचकांनी याची नोंद घ्यावी.

जीपचा इतिहास थोडक्यात सांगतो. अमेरिकेच्या विलिस-ओव्हरलँड कंपनीने १९४१ पासून लष्करासाठी ‘एमबी’ नावाची जीप बांधली. युद्ध संपल्यावर तीच गाडी शेतकऱ्यांसाठी ‘सीजे’ या नावाने बाजारात आली. १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्र अँड महंमद कंपनीचे, १९४८ साली महिंद्र अँड महिंद्र असे नाव झाले, आणि त्याच सुमारास या कंपनीने मुंबईत विलिस जीपची जुळणी हाती घेतली. सीजे-३बी हा नमुना १९५३ साली निघाला. नवे इंजिन जुन्यापेक्षा उंच होते, ते बसावे म्हणून बॉनेटही उंच करावे लागले. अमेरिकेत हा नमुना १९६८ पर्यंत निघत राहिला, आणि आपल्याकडे त्याची वंशावळ त्यानंतरही पुष्कळ वर्षे चालली. चिखलात न रुतणारी, कोणत्याही गावच्या मिस्त्रीला उघडता येणारी आणि दोरीने बांधूनही चालणारी ही गाडी काळ्या मातीच्या प्रदेशात टिकून राहिली यात नवल नाही. उटनूर, इंद्रवेल्ली, जैनूर या बाजूच्या जंगलवाटांवर पावसाळ्यात चार चाकांना ताकद नसलेल्या गाडीने काय हाल होतात ते ज्याने पाहिले त्याला जीपचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

आता मूळ विषय. जीपच्या ब्रेकला तेलाचा ब्रेक म्हणतात. पायाखालचा पेडल दाबला की एक दांडी मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या पुढे ढकलते. सिलिंडरमधले ब्रेक-ऑइल नळ्यांतून चारही चाकांकडे दाबले जाते. तिथले लहान दट्टे ब्रेकच्या नालांना ड्रमवर दाबतात. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो हा पास्कलचा नियम आपण शाळेत शिकतो. सतराव्या शतकातला हा नियम मोटारीच्या चाकापर्यंत पोचायला विसावे शतक उजाडावे लागले. १९२१ च्या ड्यूसेनबर्ग मोटारीला चारही चाकांवर तेलाचे ब्रेक होते. जुन्या जीपचा ब्रेक-लाइट स्विच याच नियमावर चालतो, आणि यातच त्याची गंमत आहे व त्याचा दोषही आहे.

हा स्विच मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी, जिथून तेलाची नळी निघते तिथे, आट्यांनी बसवलेला असतो. आटे एक अष्टमांश इंचाच्या पाइपचे, म्हणजे निमुळते. स्विचच्या आत एक लवचीक पडदा असतो. पडद्याच्या एका बाजूला ब्रेक-ऑइल, दुसऱ्या बाजूला तांब्याची एक चकती आणि दोन टोके. पेडल दाबला की तेलाचा दाब वाढतो, पडदा फुगतो, चकती दोन्ही टोकांना टेकते, वीज वाहू लागते आणि मागचे दिवे लागतात. पाय काढला की स्प्रिंग चकतीला मागे ढकलते आणि दिवे विझतात. म्हणजे एका बाजूला ब्रेकचे तेल आणि दुसऱ्या बाजूला बॅटरीची वीज, आणि दोहोंच्या मध्ये एक पातळ पडदा.

किती दाबाला हा स्विच लागतो? वेगवेगळ्या स्विचांचे वेगवेगळे असते, पण दर चौरस सेंटिमीटरला ४ ते ८ किलो हा साधारण पल्ला धरावा. आता थोडे गणित करू. जीपच्या मास्टर सिलिंडरचा व्यास एक इंच, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ५ चौरस सेंटिमीटर. पेडलच्या तरफेने पायाचा जोर पाचपट होतो असे धरू. पायाने २० किलोचा जोर दिला तर दट्ट्यावर १०० किलो येतील, आणि तेलातला दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २० किलो होईल. स्विच ५ किलोच्या दाबाला लागणारा असेल तर तो लागण्यासाठी पायाने सुमारे ५ किलोचा जोर द्यावा लागेल. घाबरून ब्रेक मारला तर हा आकडा क्षणात ओलांडला जातो, तिथे प्रश्न नाही. पण उतारावर चालक हलकेच पाय ठेवून गाडी धरून आणतो तेव्हा? नाल ड्रमला घासू लागलेले असतात, गाडीचा वेग कमी होत असतो, आणि मागचा दिवा मात्र अंधारात असतो. निर्मलजवळच्या महबूब घाटासारख्या जुन्या वळणाच्या रस्त्यावर मागून कापसाचा ट्रक येत असेल तर हा फरक कागदावरचा राहत नाही. ताशी ४० किलोमीटर वेगाने येणारे वाहन अर्ध्या सेकंदात साडेपाच मीटर पुढे येते. दिवा अर्धा सेकंद उशिरा लागला की मागच्या चालकाकडून तेवढे अंतर कापून घेतले जाते, आणि त्याला ते ठाऊकही नसते.

याहून मोठा धोका दुसरा आहे, आणि तो बहुतेक जीपमालकांच्या लक्षातच येत नाही. त्या काळच्या जीपचा मास्टर सिलिंडर एकेरी असतो. चारही चाकांना तेल पुरवणारा दट्ट्या एकच, टाकी एकच. आजच्या मोटारींत दोन स्वतंत्र मार्ग असतात. एक फुटला तरी दुसऱ्यावर गाडी थांबते. जीपमध्ये ती सोय नाही. स्विचमधला पडदा म्हातारा होऊन फाटला तर ब्रेक-ऑइल स्विचच्या टोकांतून बाहेर झिरपू लागते. प्रथम दिवा मंद होतो किंवा लागतच नाही, कारण तेलाने आतली चकती खराब होते. चालक म्हणतो, दिवाच तर गेला आहे, बघू पुढच्या महिन्यात. पण तो दिवा म्हणजे ब्रेक जाण्याआधी आलेली चिठ्ठी असू शकते. टाकी रिकामी झाली की पेडल सरळ फळीला टेकतो. यासाठी माझा पहिला आग्रह असा की, जुन्या जीपचा ब्रेक-लाइट लागेनासा झाला तर आधी बल्ब पाहू नये. आधी गाडीखाली निजून स्विचला बोट लावून पाहावे. बोट ओले झाले तर गाडी तिथेच उभी ठेवावी.

आमच्या प्रस्तुत जीपच्या बाबतीत बोट ओले झाले. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी दाखवायला न्यायची होती म्हणून घरच्या मंडळींनी दिवे तपासले, आणि त्यामुळे हे उघडकीला आले. एरवी ती जीप शेतातून जिनिंगपर्यंत आणि पौषी अमावास्येला केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेला जायची. मेश्राम कुळाच्या गोंड मंडळींची ही जत्रा. ती मंडळी गोदावरीचे पाणी पायी आणतात. रात्री रस्त्याला माणसे, बैलगाड्या, जीपा, ट्रॅक्टर यांची एकच गर्दी असते. अशा रस्त्यावर मागच्या दिव्याची किंमत काय हे मी वाचकांच्या कल्पनेवर सोपवतो.

बोट कोरडे असेल तर तपासणीचा क्रम असा. स्विचच्या दोन्ही तारा काढाव्यात आणि त्यांची टोके एकमेकांना टेकवावीत. दिवे लागले तर दोष स्विचमध्ये. लागले नाहीत तर दोष दुसरीकडे. ही परीक्षा इतकी सोपी आहे की गॅरेजमध्ये काम करणारे पोरगेही ती करते, आणि तरीही पुष्कळ लोक नवा स्विच आणून बसवतात व मग कळते की बल्ब गेला होता. दोष दुसरीकडे असेल तर बॅटरीकडून येणाऱ्या तारेवर टेस्ट-लॅम्प लावून पाहावा. तिथे वीज असेल तर पुढे बल्ब, होल्डर आणि अर्थिंग. जीपच्या मागच्या दिव्यांना अर्थिंग गाडीच्या पत्र्यातूनच मिळते. पत्रा गंजला, वर दोन-तीन वेळा रंग चढला, की वीज परत जायला वाट राहत नाही. ब्रेक दाबल्यावर मागचा साधा दिवाही मंदावत असेल किंवा भलताच दिवा मिणमिणत असेल तर ते बहुधा अर्थिंगचेच लक्षण. होल्डरपासून चासीपर्यंत एक वेगळी तार ओढली की पन्नास वर्षांचे दुखणे पाच मिनिटांत जाते. बल्ब दोन तारांचा असेल तर त्याच्या दोन खुंट्या वरखाली असतात. जबरदस्तीने उलटा बसवला तर ब्रेकचा दिवा सदैव पेटलेला आणि ब्रेक दाबल्यावर मंद, असा उलटा प्रकार होतो.

येथे विजेचे थोडे गणित सांगितल्यावाचून राहवत नाही. ब्रेकच्या एका बल्बची शक्ती २१ वॅट धरली तर दोन बल्बांना १२ व्होल्टवर साडेतीन अँपियर वीज लागते. तेवढ्याच शक्तीला ६ व्होल्टवर सात अँपियर लागते. जुन्या जीपा मुळात ६ व्होल्टच्या होत्या, पुढे पुष्कळांना १२ व्होल्ट झाले. आपली गाडी कोणती ते बॅटरी पाहूनच ठरवावे. आता समजा जुन्या स्विचच्या जळक्या टोकांत आणि गंजक्या जोडांत मिळून केवळ ०.२ ओहम अडथळा आहे. बल्बची उजेडशक्ती व्होल्टेजच्या साधारण साडेतीनव्या घाताने बदलते. त्या हिशेबाने १२ व्होल्टच्या गाडीत उजेड पाचव्या हिश्श्याने घटेल, पण ६ व्होल्टच्या गाडीत तो जवळजवळ निम्मा होईल. हिशेब ढोबळ आहे, कारण तार थंड झाली की तिचा अडथळाही बदलतो; पण निष्कर्ष खरा आहे. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तो प्रयोगशाळेत ताडून पाहावा. बल्ब, बॅटरी आणि एक जुना स्विच एवढ्यावर भागेल, आणि ओहमच्या नियमाचा त्याच-त्याच तारेवरचा प्रयोग करण्यापेक्षा यात जास्त रस वाटेल अशी माझी समजूत आहे.

आता बदलण्याची रीत. गाडी सपाट जागी उभी करावी, गिअरमध्ये टाकावी आणि चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत. जीपच्या हातब्रेकवर विसंबून कोणी गाडीखाली निजू नये. बॅटरीची एक तार काढून ठेवावी. चालकाच्या पायाखालच्या पत्र्यात मास्टर सिलिंडरचे तोंड उघडण्यासाठी एक झाकण असते. ते काढण्याआधी आजूबाजूची माती ब्रशने झाडून मग ओल्या फडक्याने पुसावी. आदिलाबादची काळी माती एकदा वाळली की सिमेंट होते, आणि तिचा एक कण जरी टाकीत पडला तरी तो दट्ट्याच्या रबरी वायसरला ओरखडा काढल्याशिवाय राहत नाही. स्वच्छतेसाठी पेट्रोल, डिझेल किंवा रॉकेल वापरण्याची पद्धत सर्रास आहे. बाहेरच्या लोखंडाला ते चालेल, पण ब्रेकच्या आतल्या भागाला मुळीच नाही. या तेलांनी ब्रेकचे रबर फुगते, आणि फुगलेले रबर दट्ट्याला अडकवून ठेवते. आतले भाग धुवायचे तर ब्रेक-ऑइलने किंवा स्पिरिटने.

नवा स्विच हातात तयार ठेवूनच जुना सैल करावा. आधी तारा काढाव्यात आणि कोणती कुठे होती ती खूण करावी. खरे तर या स्विचला दोन तारांची अदलाबदल झाली तरी काही बिघडत नाही, पण खूण करण्याची सवय चांगली. मग रिंग-पान्याने जुना स्विच फिरवावा. पकडीने फिरवू नये. पितळेची कड एकदा गोल झाली की पुढे छिन्नी-हातोड्याची पाळी येते. स्विच निघाला की तेल ठिबकू लागेल. भोकावर बोट ठेवावे, दुसऱ्या हातात नवा स्विच घ्यावा, बोट काढून लगेच आटे धरावेत. हे काम चपळाईने झाले तर आत हवा फारशी जात नाही. आटे निमुळते असल्याने ते आवळले की आपोआप घट्ट बसतात. मध्ये वायसर लागत नाही. नळकाम करणारे लोक आट्यांवर पांढरी टेप गुंडाळतात, ती येथे गुंडाळू नये. तिचा तुकडा तुटून तेलात गेला तर मास्टर सिलिंडरच्या केसासारख्या बारीक छिद्रात जाऊन बसेल. हाताने बसेल तितका बसवून मग पान्याने एक-दीड फेरा पुरे. ताकद दाखवण्याचे हे ठिकाण नव्हे. पितळ चिरते, आणि चिरलेले पितळ पाहूनही दिसत नाही.

मग टाकीत ब्रेक-ऑइल भरावे. डॉट ३ जातीचे, आणि नव्या सीलबंद डब्यातले. अर्धा उघडा राहिलेला डबा स्वस्त पडला तरी टाकून द्यावा, कारण हे तेल हवेतले पाणी ओढून घेते. कोरड्या डॉट ३ तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी शोषलेल्या तेलाचा किमान १४० अंशांपर्यंत खाली येतो. लांब घाट उतरताना ड्रम तापतात, तेलाची वाफ होते, आणि वाफ दाबली जाते म्हणून पेडल मऊ पडतो. पावसाळ्यानंतर ब्रेक-ऑइल बदलावे असे जुने चालक सांगतात त्यात हे शास्त्र आहे. आणखी एक, हे तेल रंगावर सांडले तर रंग उतरतो. सांडले की लगेच पाण्याने धुवावे.

पेडल दाबून पाहावा. तो घट्ट लागला तर उत्तम. स्पंजासारखा लागला तर आत हवा शिरली आहे असे समजून ती काढावी. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करावी. एकाने पेडल दाबून धरायचा, दुसऱ्याने चाकामागचा निपल सैल करायचा, नळीतून बुडबुडे निघेनासे झाले की निपल आवळायचा, आणि मगच पेडल सोडायचा. या कामाला दोन माणसे लागतात आणि त्या दोघांचे एकमेकांशी बरे असावे लागते. ‘दाब’ आणि ‘सोड’ यांच्या गोंधळातून मी दोन सख्ख्या भावांना अबोला धरलेले पाहिले आहे. टाकीतले तेल मधूनमधून पाहत जावे; ती रिकामी झाली तर सगळे पहिल्यापासून.

आता प्रश्न असा की, हाच तेलाचा स्विच पुन्हा बसवावा की दुसऱ्या जातीचा? बाजारात आज मिळणारे तेलाचे स्विच फार दिवस टिकत नाहीत असे गॅरेजमधली मंडळी सांगतात. आमच्या या जीपला आधी बसवलेला एक स्विच वर्षभरातच गेला होता. त्याऐवजी पेडलवर चालणारा स्विच बसवता येतो. एक प्रकार दट्ट्याचा: पेडल मोकळा असताना तो स्विचची घुंडी दाबून धरतो आणि दिवा बंद राहतो, पेडल खाली गेला की घुंडी बाहेर येते आणि दिवा लागतो. दुसरा प्रकार स्प्रिंगने ओढायचा, मोटारसायकलच्या मागच्या ब्रेकला असतो तसा. हा कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळतो, स्वस्त असतो, आणि चासीला एक लहान पट्टी बोल्टने जोडून त्यावर बसवता येतो. दोन्ही प्रकारांत तेलाचा संबंध नाही, म्हणून गळतीचा प्रश्न नाही. आणि पेडल सेंटिमीटरभर हलला की, नाल ड्रमला टेकण्याच्या आधीच, दिवा लागतो. मघाच्या घाटातल्या अर्ध्या सेकंदाचे उत्तर येथे मिळते. तेलाचा स्विच काढला तर त्याचे भोक त्याच आट्यांच्या पितळी बुचाने बंद करावे, हे सांगायला नकोच.

मात्र दट्ट्याचा स्विच बसवताना एक सावधगिरी जरूर घ्यावी, कारण येथे चांगल्या हेतूने केलेली दुरुस्ती गाडीच्या जिवावर उठते. जीपच्या पेडलला अर्धा इंचाची मोकळी चाल ठेवलेली असते. पाय काढल्यावर मास्टर सिलिंडरचा दट्ट्या पूर्ण मागे यावा आणि चाकांकडचे जादा तेल एका बारीक छिद्रातून टाकीत परत जावे, यासाठी ती असते. स्विच फार पुढे बसवला तर त्याची घुंडी पेडलला पूर्ण मागे येऊ देत नाही. मग ते छिद्र झाकलेलेच राहते, तेल परतत नाही, नाल ड्रमला किंचित घासत राहतात. ड्रम तापतात, तेल तापून फुगते, फुगलेल्या तेलाला वाट नसते, नाल आणखी आवळतात. पाच-सात किलोमीटरनंतर गाडी स्वतःच उभी राहते आणि चाकांतून जळका वास येतो. म्हणून स्विच बसवल्यावर पेडल हाताने हलवून मोकळी चाल पूर्ण शाबूत आहे की नाही ते पाहावे, आणि गाडी थोडी चालवून चारही ड्रमना हात लावून पाहावा.

माझे मत विचाराल तर रोज रस्त्यावर जाणाऱ्या जीपला पेडलचाच स्विच असावा. पण येथे कायदा आडवा येतो, निदान आल्यासारखा वाटतो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ब्रेकचा दिवा असणे सक्तीचे आहे. तो कोणत्या स्विचने लागावा याची नोंदणी कार्यालयाला फिकीर नसते, लागतो की नाही एवढेच पाहिले जाते. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि पुढे दर पाच वर्षांनी गाडी दाखवून ती वाढवून घ्यावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून जुन्या मोटारींसाठी या नूतनीकरणाचे शुल्क पाच हजार रुपये झाले होते. दुसरा रस्ता २०२१ साली खुला झाला. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, शुल्क वीस हजार, मुदत दहा वर्षे. पण अशी गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, तेल भरणे अशा कारणांपुरतीच आणता येते.

आमच्या जीपच्या घरात यावरून मतभेद झाला. शहरात शिकलेल्या नातवाचे म्हणणे, गाडी व्हिंटेज करावी, मूळ तेलाचा स्विच मिळवावा, एकही भाग परका नसावा. आजोबांचे म्हणणे, कापूस कशात न्यायचा? व्हिंटेजचा शिक्का मारला की जीप दिवाणखान्यातली तलवार होते. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे होते, आणि माझ्याकडे तोडगा मागण्यात आला तेव्हा मी फक्त विजेचा तोडगा देऊ शकलो. जुन्या स्विचच्या जागी नवा तेलाचाच स्विच बसवून, पेडलवर दुसरा स्विच त्याला समांतर जोडायचा. समांतर जोडणीत दोहोंपैकी कोणताही एक लागला तरी दिवा लागतो; एक मेला तरी दुसरा काम करतो. पेडलचा स्विच चासीच्या आधीच असलेल्या भोकांवर बोल्टने बसवला, कुठेही वेल्डिंग केले नाही. पुढेमागे व्हिंटेजचा विचार पक्का झाला तर दोन बोल्ट काढून तो खिशात घालता येईल. गळतीचा धोका मात्र यात शिल्लक राहतो, तेव्हा महिन्यातून एकदा बोट लावून पाहण्याचे काम नातवाकडे दिले. जोडणीच्या वेळी स्विचांवरचा भार हलका व्हावा म्हणून एक रिलेही घातला. दिव्यांची साडेतीन अँपियर वीज आता रिलेतून जाते आणि स्विचांच्या टोकांतून तिचा लहानसा अंशच. बल्ब काढून एलईडी घालावेत अशीही सूचना होती. तिच्यात तथ्य आहे. साध्या बल्बची तार तापून पूर्ण उजेड द्यायला सेकंदाचा पाचवा भाग घेते, एलईडीला तो वेळ लागत नाही, आणि ताशी ६० किलोमीटरला सेकंदाचा पाचवा भाग म्हणजे तीन मीटरहून अधिक अंतर होते. आजोबांनी ती सूचना नातवाच्या पुढच्या सुट्टीपर्यंत पुढे ढकलली.

शेवटची तपासणी एकट्याने करायची असल्यास संध्याकाळी गाडी मागे घेत पांढऱ्या भिंतीपासून दोन हातांवर उभी करावी आणि आरशात पाहत पेडल अगदी हळूहळू दाबावा. भिंतीवर तांबडा उजेड कोणत्या क्षणी पडतो आणि पेडल कोणत्या क्षणी जड लागतो हे दोन्ही नीट कळते. उजेड आधी पडला पाहिजे. भिंतीवरचे दोन्ही डाग सारखे नसतील तर फिकट बाजूची अर्थिंगची तार पुन्हा काढून, खालचा रंग कानशीने खरवडून, आवळून घ्यावी.